हरकत क्रमांक सतरा

जाहिरात आतल्या पानावर आली होती,
हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या शेजारी.
मरोळ, पाखाडीतल्या देवळामागची मोकळी जागा,
(चर्चला तिथं देऊळच म्हणतात)
सहाशे दहा चौरस मीटर,
वाहनतळ वाढवण्यासाठी.
कुणाची हरकत असल्यास एका महिन्याच्या आत, लेखी.

आल्या सतरा.
सोळा समोरच्या टॉवरमधून, एकाच झेरॉक्सवर नावं बदलून,
प्रत्येकीत ‘ध्वनीप्रदूषण’ची धनी दीर्घ.
सतरावी वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत:
‘मी लुर्डीन फरेल, घर नंबर नऊ.
ह्याच देवळात माझा बाप्तिस्मा झाला, लगीन पण.
गाड्या ठेवा, त्याला ना नाही.
पण मग मिरची कुठं सुकवू?’

साहेब म्हणाले, ही हरकतीत धरायची की सूचनेत?
मी म्हटलं, जाऊन बघतो.

एप्रिलचा बुधवार. टेप, नकाशा, पाण्याची बाटली.
भेंडीच्या झाडाखाली चटया, चटयांवर लाल,
इतकं लाल की मला आधी शिंकच आली.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता;
बाईंनी चपलेनं दाबून धरलं,
हातानं मिरची परतणं चालूच.
एका गाडीला अडीच बाय साडेपाच लागतात.
मिरची भरली दोन गाड्या,
धणे-हळद मिळून आणखी अर्धी.
झाडाचा घेर वहीत वेगळा लिहिला.

फादर आले, गुडघा धरत.
म्हणाले, नाताळच्या आदल्या रात्री
गल्ली दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरलेली,
खुरसाजवळ अॅम्ब्युलन्स अडकली.
लाउडस्पीकरवरून मी नंबर वाचत होतो,
गाण्याच्या मधेमधे, एकेक नंबर.
पस्तीस मिनिटं.
मग त्यांनी आवाज खाली केला:
आत हिचा नवरा होता.

मी पेन्सिलीला उगाच टोक काढलं.
बाईंनी ऐकलं होतं.
‘हां, माझाच,’ म्हणाल्या.
‘म्हणून तर लिवलं ना, गाड्या ठेवा.
पण त्याला पण बिनमसाल्याचं कालवण
एक दिस गेलं नाय घशाखाली.’
आणि मूठभर मिरची उचलून
उन्हाकडे धरून पाहिली,
आपण नोट पाहतो तशी.

अहवालाच्या छापील नमुन्यात रकाने आहेत:
रस्त्याची रुंदी, झाडांची संख्या, मलनिःसारण.
मिरचीला रकाना नाही.
दुपारभर बसून लिहिलं:
‘पूर्वेकडील तेहतीस चौरस मीटर
मार्च ते मे, रविवार वगळून,
हंगामी पारंपरिक वापराकरिता मोकळे ठेवावे.’
साहेबांनी ‘पारंपरिक’ खोडलं,
पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
अखेर ‘हंगामी’ तेवढं राहिलं.
बावीस गाड्यांच्या वीस झाल्या. अटींसह मंजूर.

टॉवरवाल्यांना छापील उत्तर गेलं.
ते कोर्टात जाणार म्हणतात. जावोत.
रविवारी धुण्याच्या दोरीचं काय,
हे मात्र आम्ही कुणीच विचारलं नव्हतं;
ती आता दोन आरशांच्या मधून जाते असं ऐकतो.

जूनमध्ये टेबलावर बियरची बाटली आली,
तपकिरी, बूच मेणानं बंद,
आत ठासून भरलेला मसाला.
नियमाप्रमाणे परत पाठवली,
आवक नोंदीत, जावक नोंदीत दाखवून,
शिपायाच्या हाती, पोच घेऊन.
पोचेवर सही निळ्या शाईत:
‘मिळाली. बूच उघडलेलं दिसतं.’

ते खरं आहे.