डावीकडचा खर्ज

शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे.
चौदा दिवस वापरून बघा, दुकानदार म्हणाला होता,
नाही पटलं तर परत आणा,
फक्त खोक्याचा कोपरा दुमडू देऊ नका.
तेव्हापासून खोकं कपाटावर बसलंय
जावयासारखं, कुणी हात लावायचा नाही.

टेबलावर दोघं शेजारी शेजारी.
जुना अ‍ॅम्प्लिफायर, बारा वर्षांचा,
बटणाभोवतीचे आकडे बोटांनी पुसून टाकलेले.
नवा, डॅकसकट, साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा,
सहाशे चाळीस युरो.
उर्मास शाळेची बस चालवतो, तार्तूच्या बाहेर, सतरा थांबे.
सहाशे चाळीस म्हणजे स्वतःच्या गाडीला
बर्फातले चार टायर, आणि वर थोडी सुटी नाणी.

जुन्याची खोड त्याला पाठ आहे.
आवाज अगदी बारीक ठेवला
की डावा कान आधी जागा होतो,
उजवा मागून, डोळे चोळत.
गाणारी बाई मधोमध उभी असायला हवी,
ती सरकत सरकत खिडकीपाशी जाते.
केसभर वाढवलं की परत येते.
पण केसभर वाढवता येत नाही.
शेजारच्या खोलीत वडील आहेत, हेइनो,
सत्याऐंशी वर्षांचे,
आणि त्यांचा खोकला ऐकू यायला हवा.
म्हणून तर हेडफोनही उघड्या पाठीचे घेतले,
म्हणून तर ते राहायला आल्यापासून, तीन वर्षं,
या घरातलं सगळं संगीत कुजबुजतं.

नव्यात ही खोड नाही.
कितीही हळू ठेवा, दोन्ही कान एका पावलावर.
पहिल्याच रात्री त्याने ती टेप लावली,
वडिलांच्या सामानात निघालेली, संगणकावर उतरवून घेतलेली.
गावचं गायक मंडळ: चाळीस माणसं, एक शेगडी,
बाहेर फेब्रुवारी,
पहिल्या कडव्यात कुणीतरी खुर्ची सरकवतं.
त्यात वडिलांचा खर्ज
त्याला डोळे मिटून सापडायचा.
डावीकडे, मागच्या रांगेत,
सुरापेक्षा जरासा खाली, जरासा हट्टी.
अगदी बाबा.

नव्यावर तो डावीकडचा माणूस
एक पाऊल मागे सरला, रांगेत मिसळून गेला,
आणि उजवीकडून दुसराच खर्ज उठला,
रुंद, सुरात, कसलीही घाई नसलेला.
उर्मासने टेप थांबवली.
वायरी तपासल्या.
हेडफोन उलटे घातलेत का पाहिलं.
नव्हते घातले.

सकाळी लापशी ढवळता ढवळता विचारलं,
मंडळात तुम्ही कुठे उभे राहायचात?
उजवीकडे, शेगडीपाशी, हेइनो म्हणाले.
डावीकडे एंडेल. ठार बेसूर.
पण लॉरी त्याची, त्याला काढणार कोण?
आणि हसता हसता खोकले,
खोकता खोकता चमचा खाली पडला.

तीन वर्षं, रोज रात्री,
तो एंडेलवर माया करत होता.

आता नवा घ्यावा तर खरे बाबा मिळतात,
सहाशे चाळीसला.
जुना ठेवावा तर एंडेल आहेच,
आणि तोही काही वाईट माणूस नव्हता,
तालमीनंतर सगळ्यांना दारापर्यंत सोडायचा,
बर्फ असो नसो, हेइनोच सांगतात.
किंवा जुनाच, पण आवाज वाढवून.
फुकटात दोन्ही खर्ज.
मग भिंतीपलीकडचं कोण ऐकणार?
माहितीपत्रकात सगळं दिलंय,
गोंगाट उणे एकशेवीस डेसिबल, वॉरंटी दोन वर्षं.
नेमकं हे तेवढं नाही.

गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा.
खोकं खाली उतरवलंय, भरलेलं नाही.
जुनाच चालू आहे. हेडफोन डाव्या कानावर,
उजवा कान मोकळा.
एंडेल नेहमीच्या जागी, नेहमीइतकाच खाली.
भिंतीपलीकडे पलंग कुरकुरतो.
मग काहीच नाही.
उर्मास खुर्ची न सरकवता
उठायच्या बेतात थांबतो.
पावती खिशात आहे.
दुकान दहाला उघडतं.