टाचणीच्या डोक्याएवढं

निसा हे ओरेगनमधलं गाव कांद्याचं.
सप्टेंबरात ट्रकमधून उडालेली सालं
कुंपणाच्या तारांना चिकटून राहतात,
म्हणून मला इथे फारसं परकं वाटलं नाही.

व्हर्ना लिंडक्विस्ट, वय एक्याऐंशी.
तिच्या पायाचं ड्रेसिंग बदलायला मी मंगळवारी जाते.
काम झालं की ती कपाटातून काड्यापेटी काढते.
कापूस. कापसात करडा दगड. दगडाला भोक.
"श्वास रोखून बघ, भिंगावर वाफ धरते."

भोकात, टाचणीच्या डोक्याहून लहान,
निळं.
आभाळाचं नाही, धुतल्या कपड्यांच्या निळीचंही नाही.
मोरचुदाच्या जवळचं,
पण पाण्यात विरघळायची घाई नसलेलं.

"हे जगात पहिल्यांदा इथंच सापडलं, ओवायही धरणाशी."
लाव्हा थिजताना बुडबुडे अडकले,
पोकळ्यांतून ऊन पाणी हिंडलं,
कुठूनसं चिमूटभर व्हॅनेडियम घेऊन आलं.
कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन :
तीन भागीदारांची मिळून एक पाटी असावी
तसं नाव, कॅव्हन्साइट.
आत पाणी आहे, तापवलं तर निघून जातं.
सुईनेसुद्धा ओरखडा उठतो.
आणि ह्याला एक जुळा आहे,
तेच घटक, तोच रंग, फक्त आतली मांडणी निराळी.
तो तिला बावन्न वर्षांत भेटलेला नाही.

मी त्या दिवशी काही बोलले नाही.
पुढच्या मंगळवारी, पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हटलं,
व्हर्ना, मी वाघोलीची.

भिंग मांडीवर आलं.

वडील खाणीवर डंपर चालवायचे.
क्रशरच्या जाळीवर हे निळे गोळे यायचे,
वाटाण्याएवढे, पांढऱ्या स्फटिकांवर बसून.
कुणी उचलत नव्हतं.
मग जीपमधून एक माणूस आला,
वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायला लागला,
आणि मुकादम पोरांचे खिसे उलटे करायला लागला.
त्याआधीची सगळी खडी
आमच्या दारापुढच्या रस्त्यात गेली. वरून डांबर.

फ्रिज घुरघुरत राहिला.
"केवढा लांब आहे तो रस्ता?"
शाळेपर्यंत.
"तू त्यावरून चालायचीस?"
रोज. चप्पल तुटली की अनवाणी.

तिने काड्यापेटी मिटली.
परत उघडली.