चाळीस गॅलन

टाकी लाह्या फुटल्यासारखी तडतडायला लागली
तेव्हा कळलं, ऑक्टोबर उलटून गेला.
हालवर असता तर कधीच खाली जाऊन आला असता.
मायनॉटच्या या घरात बेचाळीस वर्षं
ऑक्टोबरचा दुसरा शनिवार त्याचा आणि हीटरचा.
मी वर पाव भाजायची. मध्ये जिना.

शेजारचा डेल म्हणाला, तुम्ही हात लावू नका, मी येतो.
म्हटलं, ये, पण जिन्यावर बस.
लागलंच तर हाक मारीन.

गॅसचा खटका पायलटवर.
थंड पाण्याची कळ बंद.
रात्रभर निवू दिली होती, घाई करायची नाही
हा हालवरचा नियम. बाकी कशातच
त्या माणसाला धीर नव्हता.

उन्हाळ्यात टोमॅटो जगवणारा हिरवा पाइप
तळाच्या तोटीला आवळला,
दुसरं टोक फरशीतल्या जाळीवर.
वरचा गरम नळ उघडा ठेवलाय ना, डेलनं विचारलं,
नाहीतर पाणी आतल्या आत अडून बसतं.
ठेवलाय.

आधी काहीच आलं नाही.
मग ताकासारखं पाणी,
मग अंड्याच्या कवचाचा चुरा असावा तसा चुना,
विहिरीचा, वर्षभराच्या आंघोळींखाली
गुपचूप बसलेला.
थंड पाणी सोडून ढवळायचं, बंद करायचं, परत सोडायचं.
दांडा यंदा पाहिला नाही.
टाकीऐवजी तोच गंजून जातो म्हणे,
पण तो काढायला दोन माणसं आणि एक सणसणीत शिवी लागते,
आणि डेल चर्चमध्ये बासरी वाजवतो.

पाइप धरून उभी होते म्हणून खांब दिसला.
हीटर तीन झाले, खांब तोच,
त्यावर हालवरची पेन्सिल:
१३ ऑक्टो. ७९. गाळ फार.
११ ऑक्टो. ८०. तोटी गळते.
नवी टाकी, महाग.
गाळ कमी. गाळ कमी. दांडा बदलला.
ऑक्टोबरखाली ऑक्टोबर,
आणि मध्येच, थोडं तिरकं,
३ मार्च ८७.
पुढे काही नाही.

मार्चमध्ये कोणी टाकी उपसत नाही.

इंगा अकरा दिवसांची होती.
जमीन कुदळीला दाद देईना, म्हणून
पुरायचं मे महिन्यावर गेलं होतं,
पण पाद्री येऊन गेला, माणसं घरी आली,
झाकलेली भांडी, कॉफी, ओले बूट.
सगळ्यांनी मला विचारलं, हालवर कुठाय?
मी सांगितलं, असेल इथेच.
तो तासभर नव्हता.
भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता,
मला वाटलं कुणी भली बाई
बशा धुते आहे.

मी ते विसरले नाही कधी.
भांडणात काढलं नाही, पण ठेवलं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक दुसऱ्यांच्या घराबद्दल म्हणतात.
इथे ते मुरलंही नाही,
जाळीतून सरळ निघून गेलं होतं,
चाळीस गॅलन,
आणि तेव्हा टाकी साफच असणार,
पाचच महिने झाले होते.

"अजून गढूळ येतंय का?" डेलनं वरून विचारलं.

पाइपाच्या तोंडाशी हात धरला.
निर्मळ. केव्हाचं निर्मळ,
बोटं बधिर व्हायला लागली इतकं थंड.

म्हटलं, हो रे.
अजून थोडं जाऊ दे.