कोपऱ्यातलं मिनिट

लवू सारंगचं पहिलं वजन मी केलं,
देवगडला, जेटीवरच्या सुरमईच्या काट्यावर.
सत्तेचाळीस किलो, ओल्या चड्डीसकट.
तळव्यांना खवले चिकटले होते.
लुद्रिक मास्तर म्हणाले, चालेल,
हाडं लांब आहेत. शिवाय डावरा.

डावरा तो होडीमुळे झाला.
बापूस कायम उजव्या काठावर बसायचा,
डाव्या हातानं जाळं ओढणं पोराच्या वाट्याला आलं.
पुढे त्या हाताबद्दल पेपरांत काय काय छापलं गेलं.
हे नाही.

बर्फाच्या कारखान्यामागे एक गोणपाट टांगलेलं,
आत फाटकी जाळी. ठोसा बसला की मिठाची धूळ उडे,
डोळ्यांत जाई.
मास्तर ओरडत, उघडे ठेव, उघडे!
ते नेव्हीतून कान फुटून आलेले,
आमचं कुठलंच कारण त्यांना ऐकू येत नसे.

मी बादलीवाला.
ठोसा एकदाच खाल्ला, पुरे झाला.
पण पाणी, स्पंज, व्हॅसलीन,
फाटलेली भुवई अंगठ्यानं किती दाबायची,
हे मला चटकन कळलं.
जाळी सांधणाऱ्याच्या बोटांना कळतंच.

कोल्हापूर झालं, नागपूर झालं.
मग संघटनेनं कोपऱ्यात स्वतःचा माणूस दिला.
लवू म्हणाला, येसो नसेल तर मीही नाही.
म्हणून मी जमशेदपूर पाहिलं,
म्हणजे एक स्टेशन आणि एक हॉल.

लोक अजून विचारतात, फायनलच्या त्या मिनिटात
तू त्याच्या कानात काय सांगितलंस?
दुसरी फेरी गेलेली. नाक फुटलेलं.
समोर पलटणीतला जवान, उभाच, बसायलाही तयार नाही.
मी स्टूल सरकवलं.
लवूनं दातांतलं रबर माझ्या ओंजळीत थुंकलं
आणि विचारलं,
"बांगडो इलो काय रे?"

आम्ही तीन दिवस रेल्वेत होतो. मला काय माहीत?
"इलो," मी म्हटलं. "काल राती. होडी भरान."
तो हसला, लालभडक, आणि उठला.
तिसऱ्या फेरीचं मला विचारू नका,
मी बादलीत बघत होतो.

तीन वर्षं देशात पहिला.
बर्फाच्या टेम्पोतून मिरवणूक, गुलाल आणि पायाखाली चिखल.
परदेशातून एकदा रुपं आणलं,
सोनारानं घासून पाहिलं, आत पितळ.
त्याच्या नावानं रस्ता करायचा ठराव झाला.
ठराव आहे.

मग पुण्याला एकोणीस वर्षांच्या एका पोरानं
पहिल्याच फेरीत झोपवला त्याला.
पडलेल्या लवूचे डोळे उघडेच होते.
मास्तर असते तर म्हणाले असते, बरोबर.

आता काडी पेटवायला त्याला दोन्ही हात लागतात
आणि तरीही विझते.
बायकोला तो बहिणीच्या नावानं हाक मारतो.
प्रमिला ओ देते, तिची तक्रार नाही.
लिलाव संपेस्तोवर संध्याकाळी ती त्याला
माझ्याकडे सोपवून जाते.

मी क्रेट उपडं घालतो. तो बसतो.
ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळते, ती पुसतो,
मानेवर ओलं फडकं ठेवतो.
समोर पर्ससीनवाल्यांचे दिवे,
आख्खं गाव उठून समुद्रात जाऊन बसल्यासारखे.
आमच्या होड्या महिनामहिना रिकाम्या येतात.

"येसो, बांगडो इलो?"

"इलो."

तो गुडघ्यांवर हात टेकतो आणि उठतो,
हनुवटी खाली, डावा खांदा मागे,
अगदी बरोबर.
आणि मग कुठे जायचं ते त्याला आठवत नाही.

मी क्रेट काढून घेत नाही.