दीड वाजताचे निरोप

चिलीच्या दक्षिणेला, आमच्या बेटावर
दुपारी दीडला सगळे गप्प बसायचे.
बटाटे रटरटत असायचे, तर आई
पातेल्यावरचं झाकण उचलून हातातच धरायची.
रेडिओवरची बाई खाकरून वाचायला घ्यायची:

"एलेउतेरिओ बार्रिया, तुमची लेक गुरुवारच्या बोटीने येते आहे.
घोडा घेऊन धक्क्यावर या. सामान जड आहे."
"नोल्बेर्तो, ऑपरेशन झालं. आई जेवली. डुक्कर विकू नकोस."

शब्दागणिक पैसे पडायचे,
म्हणून 'आठवण येते' हे कुणीच पाठवत नसे.
ते डुकराच्या वाक्यातच समजून घ्यायचं.

गुपित असं काही नव्हतंच.
गुरुवारी घोडा एक हवा होता, उभे होते सहा,
शिवाय निव्वळ बघे, शिवाय आम्ही पोरं.
लेक बोटीतून उतरली, पोटावर हात धरून,
आणि सामान जड म्हणजे काय ते सगळ्यांना एकदमच कळलं.
कुणी काही बोललं नाही.
घोडा मात्र हळू चालवला.

आमचा निरोप आला त्या दिवशी
चुलीकडेला शेकून जगवलेल्या सेलांनी मान टाकली.
"उबाल्दिना मान्सिल्या यांच्या घरी: रोसेंदो विचारतात की..."
पुढे खरखर, मग तीही नाही.
बाबा सात महिने पातागोनियात, मेंढ्यांची लोकर कातरायला.
शेजाऱ्यांचा रेडिओ खाडीपलीकडे, आणि भरती.
ओहोटी लागेपर्यंत तीन तास
मी काठावर बसून होते, जीव टांगणीला.
त्या तीन तासांत बाबा मेले, श्रीमंत झाले,
दुसरं लग्न केलं, परत निघाले, पुन्हा मेले.
मग गुडघाभर चिखलातून गेले.
शेजारीण दारातच म्हणाली,
"पोरीच्या पायाचं माप विचारलंय. बुटांसाठी."
आणि माझ्या पायांकडे बघून हसतच सुटली.

ते दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही.
नोल्बेर्तोची आई मंगळवारी गेली, निरोप शनिवारी वाचला.
मधले चार दिवस तो
तिच्यासाठी डुक्कर पोसत होता.

आता टेकडीवर टॉवर आहे.
मुलगा आंतोफागास्ताहून जेवणाच्या ताटाचे फोटो पाठवतो,
मी अंगठा पाठवते.
काल विचारत होता,
आई, नेमकी दीडलाच तू फोन का उचलत नाहीस?

हात मोकळा नसतो, म्हटलं.
झाकण धरलेलं असतं.