रंग कच्चा

दाजी पेठेत व्हीसीआर भाड्यानं यायचा
चादरीत गुंडाळून, ताप आलेल्या पोरासारखा.
ती कॅसेट अजून आहे. वर वडिलांचं अक्षर:
'पुसू नये'.

मालिकेचा शेवटून दुसरा भाग.
नायिका हिरव्या साडीत दार उघडते
आणि लाइट जाते. आमच्या पेठेतली, तिच्या घरातली नव्हे.
पडद्यावर मुंग्या,
मग एकदम ती पांढऱ्या साडीत, भाजी निवडत.

"काय झालं गं मधे?"
अंबक्काच्या मांडीवर विड्यांचं सूप.
दोरा दातानं तोडत ती म्हणाली,
"काय व्हायचंय? रंग कच्चा होता. धुण्यात गेला."
सगळे हसले. वडील जरा जास्तच,
ते डाईंगमध्ये होते.

परवा मुलानं अख्खा भाग शोधून दिला.
तार येते. बांगड्या. ढणढण संगीत.
चार मिनिटं, बस्स.

मी पुन्हा जुनी कॅसेट लावली,
मुंग्यांपाशी थांबवली.
माग बंद झाल्यावर कानात उरतो
तसला आवाज.

अंबक्का कुठल्या साडीत बसली होती
त्या रात्री?
मी पडद्याकडे बघत होते.