शिक्का कुठाय

दिग्रस रोडच्या फाट्यावर, पंक्चरवाल्याला लागून माझं दुकान:
झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड.
दोनला लाइट जाते, मग इन्व्हर्टर कण्हत राहतो.

चेतनला ईमेल आला. मीच उघडून दाखवला.
नागपूरच्या विमानतळावर नोकरी, अठ्ठावीस हजार,
वर तीन सिंह, खाली निळी सही,
आणि मधेच, बारीक अक्षरात:
गणवेशाचे तीन हजार दोनशे,
आज पाचच्या आत.
बापानं फोनवरच बकरीचा सौदा करून टाकला.
मी कीबोर्डवर बोटं ठेवली.

उकंडराव डाखोरे बाकावर बसलेले, हयातीच्या दाखल्यासाठी.
अडतीस वर्षं डाक वाटली;
पत्रं मोजून मोजून अंगठ्याच्या रेघा गेल्या,
मशीन चार वेळा नाही म्हणालं.
पाचव्यांदाची वाट पाहता पाहता त्यांनी प्रिंट उचलली.

"शिक्का कुठाय?"
ईमेलला शिक्का नसतो, आजोबा.
"मंग आलं कोठून? गाव तं असंन."

मी वरच्या नावावर टिचकी मारली.
'भरती विभाग' या शब्दांखालून
कुणा रॉकी सत्त्याहत्तरचा फुकटातला पत्ता निघाला.

"पाय पोरी, पाकिटावर काहीबी लिहता येते.
अन् सरकारले कवा घाई असते का?
घाई त्या कार्डांले असे:
अकरा जणांले लिहा, नाही तं घरात वाईट होईन."
वाटली तुम्ही ती?
"वाटली. ड्यूटी होती.
सुभद्राबाईचं तेवढं अरुणावतीत सोडलं,
नवरा तापानं फणफणत होता तिचा.
वाचला तो."
मग जरा थांबून,
"नसता वाचला तं?"

चेतननं तरी खालचा नंबर लावलाच.
पहिल्या रिंगला उचलला. "बोला सर."
त्याला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं.
फोन ठेवायला त्याला फार वेळ लागला.

तेव्हा मी खालचा ड्रॉवर उघडला,
मागच्या दिवाळीची पावती काढली:
केंद्र नूतनीकरण शुल्क, अठराशे रुपये.
असं शुल्क कुठे नसतंच.
गावाला फॉर्म भरून देणारी मी,
घरीसुद्धा बोलले नव्हते.
चेतननं ती दोनदा वाचली. हसला नाही.

बापाला फोन गेला, बकरी राहू द्या.

उकंडरावांनी अंगठा धोतराला पुसला,
काचेवर टेकवला, दाबून,
जुना शिक्का मारावा तसा.
हिरवी अक्षरं उमटली: पडताळणी यशस्वी.
"कोणाचं होय हे?" त्यांनी वाकून विचारलं,
"पत्ता पाय आधी."